आमचीही झडती घ्या

आमच्या घरात बाराखडीच्या आधी पत्रकं आली. बाबा तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहिणं हे त्यांचं दुसरं काम होतं, बिनपगारी. सानपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. दांडा फिरवला की ते आधी कुरकुरायचं, मग खट् करून एक कागद बाहेर टाकायचं. दुसऱ्या खोलीत मा तांदळाच्या भाकऱ्या थापायची. ही थाप आणि तो खट् यांची गाठ पडली की घर चालू आहे असं वाटायचं. शाईचा वास, सुकटीच्या चटणीचा वास आणि बाबांच्या कपड्यांना येणारा कारखान्याचा तिखट वास यांतला कोणता कुठला, हे मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. मी वाचलेला पहिला जोडशब्द ‘कामगार-बंधुभगिनींनो’ हा होता. इतर मुलं कमळ नि बदक गिरवत होती तेव्हा मी ‘निषेध’ गिरवत होते. त्याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

बाबांची लिहिण्याची शिस्त कडक होती. मी कॉलेजात जायला लागल्यावर त्यांची पत्रकं मीच लिहू लागले आणि साहजिकच माझ्या पहिल्या मसुद्यात ‘जुलमी’, ‘रक्तपिपासू’ असले शब्द दर ओळीत असायचे. बाबा चष्मा नाकावर ढकलून ते एकेक करून खोडायचे. म्हणायचे, “झुलू, ज्याच्याविरुद्ध लिहितेस त्याने हे वाचायला पाहिजे. दुसऱ्या ओळीला त्याने कागद फाडला तर आपलं काम काय झालं?” मी फणफणायचे. मग मसुदा नव्याने लिहायचे आणि एखादा ‘जुलमी’ हळूच शेवटच्या परिच्छेदात सोडून द्यायचे. तो नेमका त्यांना सापडायचा.

आम्ही मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. घरात बोलायचो ती मराठीच, आमच्या वळणाची. माझा थोरला भाऊ निसार मात्र बोलण्याच्या भानगडीत फारसा पडायचा नाही. त्याला गाड्या आवडायच्या. बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे गावात त्याचा मित्र होता, रोहिदास कोळी. त्याने कर्ज काढून एक तीनचाकी टेम्पो घेतला होता. एक आठवडा टेम्पो रोहिदास चालवायचा आणि निसारभाई विश्रांती घ्यायचा, म्हणजे दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करायचा. पुढचा आठवडा रोहिदास बापासोबत होडीवर जायचा आणि टेम्पो निसारभाईकडे असायचा. काम एकच. सकाळी दिवाळ्याच्या बंदरावरून मासळीच्या पाट्या आणि त्या विकणाऱ्या बाया घ्यायच्या आणि बाजार भरायच्या आत सानपाड्याला पोचवायच्या. पाट्यांवर बर्फ, बर्फावर गोणपाट, गोणपाटावर बाया, आणि बायांच्या मधोमध द्वारकामावशी. ती रोहिदासची सख्खी आत्या. गाव तिला घाबरायचं आणि ती फक्त उन्हाला घाबरायची, कारण ऊन चढलं की सुरमई नरम पडते आणि गिऱ्हाईक कल्ला उचलून नाक मुरडतं.

त्या उन्हाळ्यात मला सुट्टी होती. खाडीत कारखान्यांचं पाणी येऊन मासळी कमी झाली होती, त्यावर पत्रक काढायचं म्हणून मी बायांशी बोलायला रोज त्या टेम्पोतून येत-जात होते. शहर नुकतंच दंगलीत होरपळून निघालं होतं. सगळ्यांनाच एकमेकांची भीती वाटत होती आणि मोठ्या रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदी कायमची बसली होती. दोन लोखंडी अडथळे, एक हवालदार, आणि खुर्चीवर एक तरुण फौजदार. तो देशावरचा होता आणि बोलायला मऊ. बायांना ‘मावशी’ म्हणायचा, मला ‘ताई’. पहिल्या दिवशी त्याने हात वर केला, टेम्पो थांबला.

“नाव?”

“निसार.”

“पूर्ण नाव सांगा.”

भाईने सांगितलं. फौजदाराने लायसन्स पाहिलं, कागद पाहिले, उलटून पुन्हा पाहिले. “मागे काय?”

“मासळी.”

“ती दिसतेच आहे. खाली काय आहे?”

गोणपाटं निघाली, पाट्या खाली उतरल्या, बर्फ रस्त्यावर सांडला. द्वारकामावशी कळवळली. “अरं सायबा, हात नको घालू, पापलेट हाय ती, गादी नाय!”

“दोनच मिनिटं मावशी. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे हे.”

दोन मिनिटांत ते होत नसे. आणि ते दुसऱ्या दिवशीही झालं, तिसऱ्याही. आठवडा संपला, टेम्पो रोहिदासकडे गेला. तोच टेम्पो, तेच कागद, त्याच बाया, तोच फौजदार. त्याने नुसती बोटं हलवली. “काय रोहिदास, बोंबील बरे आहेत का?” “येताना आनतो साहेब!” आणि आम्ही पुढे. मग पुन्हा निसारभाईचा आठवडा आला आणि पुन्हा तोच हात वर. एव्हाना दोघांचीही नावं फौजदाराला पाठ झाली होती. एकाला ओळखतो म्हणून तो सोडत होता आणि दुसऱ्याला ओळखत असूनही तपासत होता, आणि यात काही वेगळं घडतंय हे त्याच्या गावीही नव्हतं. एकदा मी खाली उतरून त्याला विचारलंच, “साहेब, आमचीच गाडी रोज कशी काय?” तो जराही रागावला नाही. म्हणाला, “ताई, आम्ही जात-धर्म काही बघत नाही. इतकी वर्षं काढली नोकरीत, माणूस बघितला की आतून कळतं, इथे थांबवावं.” हे त्याने अगदी मनापासून सांगितलं. शत्रू खोटं बोलतो, एवढंच पत्रकांनी मला शिकवलं होतं. इथे समोरचा माणूस खरं बोलत होता.

बाजारात त्याचे परिणाम व्हायला लागले. निसारभाईच्या आठवड्यात माल उशिरा आणि नरम पोचायचा. दुसऱ्या बंदराच्या बाया आधी येऊन जागा धरून बसायच्या. दोन-तीन जणी नेरुळच्या एका टेम्पोवाल्याशी बोलून आल्या. रोहिदास एक दिवस आमच्या दारात उभा राहिला, आत येईना. मान खाली घालून म्हणाला, “निसार, बाया बोलतात ड्रायव्हर बदल. माजा हप्ता हाय रे. काय करू?” भाई म्हणाला, “बघू.” त्या रात्री तो जेवला नाही. तो टेम्पो हातचा गेला तर भाईच्या नशिबी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीखाली आडवं पडणं होतं. तेव्हा त्याचं लग्न ठरत होतं आणि ‘मुलगा काय करतो’ याला तो टेम्पो हेच उत्तर होतं.

बायांनी यावर विचार केला आणि एक निदान काढलं. दृष्ट. नव्या गाडीला कोणाची तरी दृष्ट लागली आहे आणि ती निसारच्याच हाताखाली उठते, कारण निसार गोरागोमटा आहे आणि लग्नाचा आहे. यावर दिवाळ्याच्या कोळणींचं आणि माझ्या माचं तंतोतंत एकमत झालं. माने मीठ-मिरची घेऊन भाईवरून ओवाळून टाकली. बायांनी टेम्पोच्या तोंडाला लिंबू-मिरच्या बांधल्या, काचेला आतून गावदेवीची तसबीर लावली आणि तिला लाल चुनरी घातली. मी कपाळावर हात मारला. द्वारकामावशी म्हणाली, “तू नको हसू गो. कॉलेजात असल्या गोष्टी शिकवीत नाय.”

आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो सुटला.

मी मागच्या बाजूने वाकून पाहत होते. फौजदाराचा हात अर्धा वर गेला होता. मग त्याचं लक्ष काचेकडे गेलं. चुनरी, तसबीर, लिंबू. हात खाली आला. हवालदाराने तर देवीचं नाव घेऊन भाईला हसून नमस्कार घातला. मागे बायांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवशी सुरमई ताठ होती, सगळा माल चढ्या भावाने गेला. तसंच पुढचे दिवस. माने खूश होऊन सांदणं केली. नारळाच्या दुधाची, वाफेवर टम्म फुगलेली. डबा भरून बायांना पाठवला. सगळे सुखी होते, मी सोडून. फौजदाराला ‘आतून’ काय कळतं, ते मला आता स्वच्छ दिसलं होतं.

मी भाईला गच्चीवर गाठून सांगितलं. वाटलं, त्याला धक्का बसेल. तो म्हणाला, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोलून बर्फ वितळायचा थांबला असता?” मग म्हणाला, “तपासायचे तेव्हा इतकं वाटलं नव्हतं, झुलू. कागद दाखवायचो, माझे कागद खरे होते. पण परवा त्या हवालदाराने नमस्कार घातला ना, मी मान हलवली. त्याला वाटलं मी दुसराच कोणीतरी आहे, आणि मी त्याला तसं वाटू दिलं. काल पण. आज पण. रोज सकाळी त्या अडथळ्याजवळ मी थोडा वेळ नसतोच.”

हे बोलून तो खाली निघून गेला. माझ्या भावाने आयुष्यात एकदम इतकी वाक्यं उच्चारलेली मी तेव्हाच ऐकली.

मी बसले आणि पत्रक लिहिलं. त्यात ‘रक्तपिपासू’ होतं. बाबांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “चांगलं आहे. पण छापायच्या आधी एक सांग. मासळी कोणाची?”

“बायांची.”

“नुकसान कोणाचं होणार?”

“बायांचं.”

“मग त्यांना विचारलंस?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिवाळ्याला गेले. द्वारकामावशी काठ्यांवर बोंबील अडकवत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. तिने आधी उडवून लावलं. “पोलीस काय येडं हायत? सरकारचा पगार घेतात.” तिने एक काठी पुरती भरली. मग म्हणाली, “म्हंजे रोहिदास असला का त्याला बघून सोडतात?”

“हो.”

“नि आपल्या निसारला बघून थांबवतात. नि आता आईची तसबीर बघून सोडतात.”

“हो मावशी.”

तिचे हात थांबले. “आमची आई दर्यावर आमच्या पोरांना राखते. तिला काय मी पोलिसापासून लपायला पडदा म्हनून लावली?” ती उठली, हात धुतले, पदर नीट केला आणि चालायला लागली. टेम्पो तिच्याच अंगणात उभा होता. तिने चुनरीसकट तसबीर काढली, कपाळाला लावली आणि घरात देव्हाऱ्यावर नेऊन ठेवली. लिंबू-मिरच्या ओढून खाडीत टाकल्या. निसारभाई बोनेट पुसत उभा होता. तो म्हणाला, “मावशी, माल जाईल.” ती म्हणाली, “जाऊ दे एक दिवस. तुजा मान काय सुरमईपेक्षा सवंग हाय?” मग बायांना हाका मारल्या आणि दारात बैठक भरली. कोण काय बोलेल, कोण आधी उतरेल, यावर भांडणं झाली. नेरुळच्या टेम्पोवाल्याशी बोलून आलेल्या बायांनी सगळ्यांत पुढे उभं राहायचा हट्ट धरला. मी लिहिलेलं पत्रक कोणी वाचायलाही मागितलं नाही.

पुढच्या सकाळी काच मोकळी होती. रोहिदास होडीवर गेला नाही, मागे बायांत येऊन बसला. अडथळे दिसले. फौजदाराने टेम्पोकडे पाहिलं, हात वर केला.

भाईने गाडी बाजूला घेतली आणि कागद पुढे केले. तेवढ्यात मागून बाया उतरायला लागल्या. एकेकीने आपली पाटी उतरवून रस्त्याच्या कडेला मांडली आणि तिच्यामागे उभी राहिली. सरळ रांग झाली. शेवटी रोहिदास आणि मी. द्वारकामावशीने आपल्या पाटीवरचं गोणपाट स्वतःच फेकलं. “घे सायबा. झडती घे.”

फौजदार गोंधळला. “मावशी, तुम्ही कशाला उतरलात? तुमची कशाला झडती?”

“का? आमची का नाय?”

“अहो, तुमच्यावर कशाला संशय घेऊ?”

“मंग त्याच्यावर कशाला?”

“तो ड्रायव्हर आहे.”

रोहिदास पुढे झाला. “साहेब, मागच्या आठवड्यात मी होतो ड्रायव्हर. तुमी मला बोंबलाचा भाव विचारलात.”

हवालदाराला हसू फुटलं. मागे गाड्यांची रांग लागली, कोणीतरी भोंगा वाजवला. फौजदार म्हणाला, “हे बघा, संशय आला की तपासावंच लागतं. आमचं काम आहे.” हे तो मला उद्देशून म्हणाला, कारण रांगेत कॉलेजची मी एकटीच दिसत होते. मी रात्रभर दहा वाक्यं पाठ केली होती. तोंडातून एकच आलं. “कशाचा संशय साहेब? तेवढं सांगा, आम्ही गाडीत बसतो.”

मग तो निसारभाईकडे वळला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. मला तो चेहरा आजही आठवतो. दाढीवर थांबावं, शर्टावर थांबावं, हातातल्या कागदांवर थांबावं, असं त्याची नजर करत होती. भाई स्थिर उभा होता. रोहिदासलाही दाढी होती, रोहिदासचा शर्ट जास्त मळका होता. फौजदार खरोखरच शोधत होता. आपल्याला काय वाटलं होतं आणि का, हे त्या माणसाने बहुधा पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, भर रस्त्यात, कोळणींच्या रांगेसमोर. उत्तर त्याला सापडलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

आता केस पिकल्यावर मला कधीकधी पोलिसांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावतात. समोर तशीच तरुण, नीटस, मऊ बोलणारी मुलं बसलेली असतात. मी म्हणते, तुम्ही कोणाचा द्वेष करत नाही हे मला मान्य आहे, पण तुमचा हात वर जातो तेव्हा तुम्हाला विचारून जातो का? काही जण वहीत मान घालतात. एखादा म्हणतो, मॅडम, अनुभव पण असतो ना. मी म्हणते, असतो. पण ज्याला तुम्ही कधी थांबवलंच नाही त्याच्याबद्दल तुम्हाला अनुभव कुठून येणार? मग मी त्यांना त्या रांगेबद्दल सांगते. हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू देते.

त्या दिवशी फौजदार हवालदाराकडे वळून म्हणाला, “सगळ्यांची घ्या.” हवालदाराला वाटलं तो चिडला आहे. तो चिडला नव्हता. तो स्वतः पहिल्या पाटीशी वाकला आणि बाही वर करून बर्फात हात घातला. मग दुसऱ्या पाटीत. बाया त्याला सोडत नव्हत्या. “खाली बग, खाली. कोलंबीच्या पोटात बग.” “हवालदारसायब, माजी राहिली, मी काय पाप केलं?” थांबलेल्या गाड्यांतली माणसं उतरून बघायला आली. ऊन चढत होतं, बर्फाचं पाणी डांबरावरून वाहत होतं, त्या दिवसाची मासळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नरम पडत होती, आणि एकही बाई पाटी उचलायला तयार नव्हती. शेवटची पाटी झाल्यावर फौजदार भाईसमोर आला. त्याने हात पुढे केला, पण हातांना माशाचे खवले चिकटले होते म्हणून मागे घेतला. “जा निसार,” म्हणाला. मग म्हणाला, “उशीर झाला तुम्हाला.” माफी म्हणता येईल असं त्यात काही नव्हतं. पण तोपर्यंत त्याने भाईला कधी ‘उशीर झाला’ म्हटलं नव्हतं.

बाजारात त्या दिवशी माल पडेल भावाने गेला, बराचसा गेलाच नाही. बायांनी उरलेली मासळी तिथेच आपसांत वाटून घेतली, आमच्या घरीही एक पाटी आली. माने काही न विचारता मसाला वाटायला घेतला. बाबा कारखान्यातून आले, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझं घडी घातलेलं पत्रक खिशातून काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आमचीही झडती घ्या’, आणि म्हणाले, “आता याच्याखाली फक्त काय झालं ते लिही.” मी लिहिलं. टेम्पो एक, कागद तेच, बाया त्याच, ड्रायव्हर दोन. एकही विशेषण नव्हतं. ते मी आजवर लिहिलेल्यांतलं सगळ्यांत छोटं पत्रक आहे आणि सगळ्यांत चांगलं. त्याची एक प्रत मी स्वतः चौकीवर नेऊन दिली. फौजदाराने उभं राहून ती शेवटपर्यंत वाचली.

त्यानंतर निसारभाईचा टेम्पो कधी थांबायचा, कधी सुटायचा. नाकाबंदीवर काय नवा हुकूम झाला हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, पण आता ठरावीक गाड्यांमागे एक गाडी थांबवत, मग आत कोणीही असो. बायांचं नेरुळच्या टेम्पोवाल्याशी बोलणं आपोआप बंद पडलं. भाईचा आठवडा संपला, रोहिदासचा सुरू झाला, आणि पहिल्याच दिवशी भरदुपारी रोहिदास आमच्याकडे आला. या वेळी दारात अडकला नाही. चपला कशातरी काढून थेट आत घुसला.

“निसार! आज मना थांबवलं!”

माच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. “या अल्ला. मग? सोडलं ना रे?”

“सोडलं काय मा, पाट्या उतरवल्या सगल्या! लायसन उलटं करून बगितलं! नि बाया मनाच शिव्या घालतात. आत्या बोलली, तुज्यापेक्षा निसार बरा.”

तो इतका खूश होता की त्याला बसवेना. निसारभाई ताटावर बसला होता. गेल्या कित्येक महिन्यांत हसला नव्हता तसा तो हसला, खांदे हलेपर्यंत, ठसका लागेपर्यंत. मग पाणी प्यायला, आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून रोहिदाससमोर ठेवली आणि एका ड्रायव्हरने दुसऱ्याला सांगावं तसं सांगितलं, “उद्यापासून निघताना बर्फ जास्त घे.”